खेर्डीच्या मेस्त्रींची बेली प्लेट : एक पावसाळा वापरल्यावर

मी गुहागर तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. रोजची पन्नास-साठ किलोमीटर फिरती, त्यातली निम्मी वाड्यांकडे जाणाऱ्या जांभ्याच्या वाटांवर, आणि मागे लसीची पेटी. दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली. गाडीवर माझा जीव आहे. पण मोटर मधोमध, खाली दगड-चिखल अडवणारा आडोसा, म्हणजे बेली प्लेट, नाही, आणि कंट्रोलरकडून (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डब्याकडून) मोटरकडे येणाऱ्या तीन जाड केबली पुढच्या चाकाच्या थेट माऱ्यात. शहरातल्या डांबरी रस्त्यावर हे खपून जात असेल. इथे नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात आबलोलीकडच्या एका उतारावर चाकाखालून खडा उडाला. ठक्क असा आवाज आला, गाडी चालत राहिली. संध्याकाळी पुसताना दिसलं, मधल्या केबलीचं आवरण नखाएवढं फाटलेलं आणि आत तांबं चमकतंय. पाऊस पंधरा दिवसांवर होता. पोटात गोळाच आला.

केबल बदलून घेतली आणि घाईघाईत ‘कुठल्याही गाडीला बसेल’ असा प्लास्टिकचा गार्ड ऑनलाइन मागवला. दोन आठवड्यांत त्याच्या आणि मोटरच्या मध्ये लाल चिखल थापून बसला. पाणी निघायला भोकच नव्हतं. मोटर सतत ओल्या मातीत बुडवून ठेवल्यासारखी. काढून टाकला.

मग एका दूधवाल्याने चिपळूणजवळच्या खेर्डीतल्या मेस्त्रींचं नाव सांगितलं. दुकानाला पाटी नाही, विचारत जावं लागतं. त्यांनी आधी किंमत सांगितली नाही. ‘‘डॉक्टर, गाडी जाते कुठे ते सांगा,’’ म्हणाले. मग गोणपाट अंथरून स्वतः गाडीखाली आडवे झाले आणि पुठ्ठा कापून कापून माप घेतलं, अर्धा तास.

मी जाड लोखंडी पत्रा मागत होतो. त्यांनी ५०५२ या जातीच्या ॲल्युमिनियमचा ३ मिलिमीटरचा पत्रा दाखवला. खाऱ्या हवेत टिकतो आणि वाकवताना तडकत नाही. ६०६१ ही दुसरी जात कडक खरी, पण तीव्र वळणावर त्याला चीर पडते. तयार प्लेट भरली जेमतेम एक किलो. तिच्यात आणि मोटरमध्ये दोन बोटांची जागा सोडलीय, म्हणजे पोचा आला तरी तो मोटरपर्यंत पोचत नाही. फ्रेमला एकही भोक पाडलं नाही, सगळं रबर लावलेल्या क्लॅम्पांवर. स्टेनलेसचे बोल्ट ॲल्युमिनियमला थेट लागू नयेत म्हणून नायलॉनचे वॉशर. खारं पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम पांढरं होऊन झिजतं, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको.

पहिल्या प्लेटमध्ये मात्र चूक झाली होती. तिची पुढची बाजू इतकी वर घेतली की कंट्रोलरच्या पंख्यांना, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या त्या खाचांना, वारा लागेना. रविवारी पाटणला जाताना कुंभार्ली घाटात अर्ध्यावर डिस्प्लेवर तापमानाची खूण आली आणि गाडीने आपोआप ताकद कमी केली. मागे ट्रक, बाजूला दरी. मी दुसऱ्या दिवशी चिडूनच गेलो. मेस्त्रींनी वाद घातला नाही. वरची चार इंच पट्टी कापली, पुढे तिरक्या खिडक्या पाडल्या, तळाला पाण्यासाठी सहा भोकं वाढवली. एक पैसा घेतला नाही. त्यानंतर तोच घाट दोनदा चढलो, खूण आली नाही.

केबलींचं कामही त्यांनीच सुचवलं. त्यावर चिरलेला नालीदार पाइप चढवला, चीर खाली ठेवून, नाहीतर पाणी आत साठतं. जोडाच्या आधी केबलीला खाली एक झोळ दिला, म्हणजे ओघळ जोडात न शिरता तिथूनच टपकतो. जोडांच्या रबरी सीलला सिलिकॉन ग्रीस.

आणि एक, प्लेट लावली म्हणून सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरने धुऊ नका. बॅटरीवर धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाची खूण म्हणून आयपी६७ लिहिलेलं असतं, त्यातला ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवल्याची चाचणी. जवळून मारलेल्या जोरदार फवाऱ्याची ती चाचणी नव्हे. मी चार बोल्ट काढून प्लेट उतरवतो आणि ओल्या फडक्याने पुसतो. दहा मिनिटांचं काम आहे.

ऑक्टोबरात पूर्ण उतरवून पाहिली. बाहेरून अकरा पोचे, एक तर अंगठा बसेल एवढा. हा खडा उघड्या मोटरवर बसला असता तर काय झालं असतं, ते मला बघवलं नसतं. आतून मोटर कोरडी, केबलीवर ओरखडा नाही. एका बोल्टचा वॉशर फाटलेला, तिथे पांढरी भुकटी दिसली, तो बदलला.

तक्रारी दोन. चार दिवस सांगून बारा दिवस लावले, आणि त्या बारा दिवसांत मी वाड्यांवर एसटीने फिरलो, लसीची पेटी मांडीवर घेऊन. दुसरी, बारीक खडीवर प्लेट पत्र्यासारखी वाजते. आतून रबराची शीट लावायचा विचार होता, पण तिच्यामागे ओल राहील म्हणून मेस्त्रींनी नको म्हटलं, आणि मला ते पटलं.

एकूण ३,२०० रुपये गेले. आता मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टला झाकण करायचं काम दिलंय. बेल्ट आणि पुलीच्या दातांत खडा अडकला की आतले धागे तुटतात, आणि माझ्या गाडीला खालच्या बाजूने काहीच झाकण नाही. पुठ्ठ्याचं माप घेऊन झालंय. या वेळी त्यांनी आठ दिवस सांगितलेत.