मायलोमाच्या क्लिनिकल ट्रायलमधले अकरा महिने

आईच्या मल्टिपल मायलोमावर, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरवर, चौथं औषधही चालेनासं झालं, तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा 'ट्रायल' हा शब्द काढला. त्यानंतर अकरा महिने ती एका नव्या बायस्पेसिफिक अँटीबॉडीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत होती, आणि प्रत्येक फेरीला मी तिच्यासोबत होते. ज्यांच्या घरात आज हाच प्रश्न उभा आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. हॉस्पिटलचं आणि कंपनीचं नाव देत नाही. काय मिळालं आणि काय मिळालं नाही, तेवढं सांगते.

नेहमीच्या उपचारांसारखी अपेक्षा ठेवून गेलात तर पहिल्याच आठवड्यात चिडचिड होईल. ट्रायल घेणाऱ्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं आणि ते तुमच्या माणसाच्या शरीरातून मिळणार असतं. त्यात त्या माणसाचं आयुष्य वाढलं तर आनंदच, पण तसा शब्द कुणी देत नाही. आम्हाला तो कुणी दिला नाही, आणि माझ्या लेखी ही त्या टीमची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

संमतीपत्र चौतीस पानांचं होतं. मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे पेन्सिल घेऊनच बसले. मराठी भाषांतर वाईट होतं. 'यादृच्छिकीकरण', 'प्रतिकूल घटना', 'मात्रा-वर्धन' असे शब्द, आणि एकोणिसाव्या पानावर तर एक वाक्य क्रियापदाशिवायच संपलेलं. ज्या कागदावर माणूस जिवाची जोखीम घेऊन सही करणार, तो कागद कुणीतरी एकदा मोठ्याने वाचून बघायला हवा होता. पण स्टडी कोऑर्डिनेटर मुलगी फार चांगली निघाली. तिने पान न् पान समजावलं, आठवडाभर कागद घरी नेऊ दिले आणि पुन्हा बसली. यादृच्छिकीकरण म्हणजे चिठ्ठी टाकणं: इंजेक्शन दर आठवड्याला मिळणार की पंधरा दिवसांनी, हे कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टर नाही. डॉक्टरांनी निवडलं तर बऱ्या तब्येतीची माणसं नकळत एकाच गटात जातील आणि तुलनेला अर्थ उरणार नाही.

औषध कसं काम करतं तेही तिनेच सांगितलं. या अँटीबॉडीला दोन हात. एका हाताने ती मायलोमाच्या पेशीवरचं बीसीएमए नावाचं प्रथिन पकडते, दुसऱ्या हाताने आपल्या टी-पेशीवरचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रतिकारपेशीवरचं, सीडी३. "चोराची कॉलर एका हातात, पोलिसाची दुसऱ्या हातात, आणि दोघांना समोरासमोर उभं करायचं, काकू." आई गणिताची शिक्षिका होती, तिला एवढं पुरेसं नव्हतं. तिने मुख्य डॉक्टरांना विचारलं, "माझ्याएवढा डोस आतापर्यंत किती जणांना दिलाय?" ते म्हणाले, "आधीच्या टप्प्यात सहा जणांना." मग तो टप्पा कसा चालतो ते त्यांनी सांगितलं. तीन रुग्णांना एक डोस द्यायचा, कुणालाच गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वरचा डोस. एकाला त्रास झाला तर त्याच डोसवर आणखी तीन माणसं घ्यायची. दोघांना झाला तर थांबून खाली यायचं. म्हणजे आईचा डोस सुरक्षित आहे की नाही हे ठरवायला तिच्या आधी काही माणसांनी तो अंगावर घेऊन पाहिला होता. आई त्यावर बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिने दुसरा प्रश्न विचारला. "यानं मी बरी होईन का?"

"माहीत नाही, काकू. माहीत असतं तर ट्रायलची गरजच नव्हती."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "हा माणूस खोटं बोलत नाही. सही करते." माझी तयारी झालेली नव्हती. आम्ही दोघी त्या रात्री वाद घालत बसलो. 'प्रयोगाचा उंदीर' हा शब्द मीच वापरला आणि तो तिला लागला. ती म्हणाली, "आठ वर्षं जी औषधं घेतली ती काय आभाळातून पडली?"

तिच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मी नंतर वाचलं. मायलोमावर थॅलिडोमाइड वापरून बघा, असा आग्रह एका रुग्णाच्या बायकोने धरला होता. तिने ज्यूडा फोकमन या संशोधकांना गाठलं आणि त्यांनी ते सुचवलं. तिचा नवरा वाचला नाही, पण त्यातून उभ्या राहिलेल्या, अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या ट्रायलचे निष्कर्ष १९९९ साली छापून आले: सगळे उपचार करून थकलेले ८४ रुग्ण, त्यांपैकी ३२ टक्क्यांना औषध लागू पडलं. गर्भातल्या बाळांना अपंग करणारं म्हणून बदनाम झालेलं ते औषध. आईने तीन वर्षं घेतलेलं लेनालिडोमाइड त्याचंच भावंड. मायलोमावरच्या डॅराट्युमुमॅब या आणखी एका औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली २०१५च्या नोव्हेंबरमध्ये, आणि आईला तेही मिळालं. त्या ८४ जणांमधल्या कुणाचंही नाव मला माहीत नाही.

सही झाल्यावरचा महिना मात्र मला आजही नकोसा वाटतो. औषध सुरू करण्याआधी ट्रायलच्या नियमात बसतो की नाही हे बघण्यासाठी तपासण्या असतात: रक्त, चोवीस तासांची लघवी, इको, ईसीजी, पेट स्कॅन आणि बोनमॅरो, म्हणजे हाडातल्या मज्जेची तपासणी. आईची बोनमॅरो तीनच आठवड्यांपूर्वी झाली होती, तरी कमरेच्या हाडात पुन्हा सुई घातली, कारण नमुना ट्रायलच्या मुख्य प्रयोगशाळेतच जायला हवा. शिवाय जुनं औषध शरीरातून निघून जावं म्हणून मधले दिवस काहीच उपचार नाहीत. पाठदुखी वाढत गेली. प्लेटलेट किमान पन्नास हजार हव्या होत्या आणि त्या एकावन्न हजारांवर होत्या. एका आकड्यामुळे आपलं माणूस बाहेर राहू शकतं, या धास्तीत काढलेले सव्वीस दिवस. एवढ्या काळात कोऑर्डिनेटरने दर दोन दिवसांनी फोन करून पुढे काय हे सांगितलं असतं तरी जड गेलं नसतं. आम्हालाच दर वेळी फोन करावा लागला.

पहिले तीन डोस ॲडमिट करून देतात, कमी प्रमाणापासून वर चढवत. प्रत्येक डोसनंतर अठ्ठेचाळीस तास नजर. टी-पेशी एकदम चवताळल्या की सायटोकाइन नावाची रसायनं रक्तात उसळतात, ताप येतो, रक्तदाब उतरतो. याला सीआरएस म्हणतात. याच जातीच्या टेक्लिस्टामॅबच्या १६५ रुग्णांच्या अभ्यासात ७२ टक्क्यांना सीआरएस झाला होता, बहुतेकांना सौम्य, आणि औषधाचा उपयोग झाला ६३ टक्क्यांना. हे आकडे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते म्हणून ताप आला तेव्हा आम्ही घाबरलो नाही. निदान आई तरी नाही.

दुसरी भीती मेंदूवरच्या परिणामाची. त्यासाठी दर काही तासांनी सिस्टर एक छोटी परीक्षा घेतात, दहा गुणांची. साल कुठलं, महिना कुठला, गाव कुठलं, हॉस्पिटल कुठलं. पेन, घड्याळ, बटण दाखवून नावं विचारायची. एक साधी सूचना पाळायला सांगायची. शंभरपासून दहा-दहा कमी करत उलटं मोजायचं. आणि एक वाक्य लिहायचं, कुठलंही. आईला ही परीक्षा आवडायची. दहा-दहा कमी करणं तिला कमीपणाचं वाटे, ती सात-सात कमी करून दाखवायची आणि सिस्टर म्हणायच्या, "आजी, तक्त्यात दहाच आहेत." वाक्यं ती मनापासून लिहायची. 'आज समोरच्या पलंगावरच्या बाई घरी गेल्या.' 'खिडकीची काच कुणीतरी पुसली आहे.' वळणदार अक्षर, पट्टीने आखल्यासारखी शिरोरेघ.

दुसऱ्या डोसनंतरच्या रात्री साडेदहाला ताप ३८.६ अंश सेल्सिअस झाला. पॅरासिटामॉल दिलं. बाराच्या परीक्षेत तिने सगळं बरोबर सांगितलं, वाक्यही लिहिलं: 'पाऊस थांबला असावा.' सिस्टरने तक्त्यावर दहापैकी दहा भरले. कागद माझ्या हातात आला आणि मला काहीतरी खटकलं. शिरोरेघ नव्हती. सगळी अक्षरं सुटी, उघडी, दोरीवरून निसटलेल्या कपड्यांसारखी. आईने वाणसामानाची यादीसुद्धा कधी शिरोरेघेशिवाय लिहिलेली नाही.

मी सिस्टरना सांगितलं. त्या थकल्या होत्या, कागदाप्रमाणे गुण पूर्ण होते, "झोपेत असतील" म्हणून त्या ते तिथेच सोडून देऊ शकल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. जुने कागद काढून शेजारी ठेवले, बघितले आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर वीस मिनिटांत आले. पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी आई शंभर, नव्वद, ऐंशी, सत्तर, साठ म्हणाली आणि थांबली. पुढे काय, ते तिला सापडेना. आयुष्यभर पाढे घेतलेली बाई साठवर अडकून माझ्याकडे बघत होती. दहापैकी नऊ. चवताळलेली प्रतिकारशक्ती शांत करणारी टोसिलिझुमॅब आणि डेक्सामेथासोन ही औषधं दिली आणि पहाटेपर्यंत डॉक्टर दर तासाला येऊन गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने लिहिलं, 'काल रात्रीचं मला नीट आठवत नाही,' आणि त्यावर शिरोरेघ होती.

म्हणून सांगते, पहिल्या डोसांच्या वेळी सोबतीला असं माणूस ठेवा ज्याला रुग्णाचं अक्षर, बोलण्याची ढब, नेहमीचे शब्द माहीत आहेत. पाळ्या लावायच्याच असतील तर त्या रात्रींना लावू नका.

पुढचे महिने तसे भराभर गेले. चिठ्ठीत आईला पंधरा दिवसांचा गट आला होता. पोटावर इंजेक्शन, रक्त, आणि तीस प्रश्नांचा कागद: जिने चढताना त्रास होतो का, झोप लागते का, उदास वाटतं का. काही ठरावीक दिवशी औषधाची रक्तातली पातळी मोजायला दिवसभरात सहा-सात वेळा रक्त घेत. आईच्या शिरा बारीक, दंड काळेनिळे व्हायचे. हे रक्त तिच्या उपचारासाठी नव्हतं, पुढच्यांच्या डोससाठी होतं, आणि हे तिला स्पष्ट सांगितलेलं होतं. तिसऱ्या महिन्यात एम-प्रोटीन, म्हणजे मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन, जवळपास मोजता येईना इतकं खाली आलं. पाठदुखीची गोळी सुटली.

पाचव्या महिन्यात न्यूमोनिया झाला. या औषधाने चांगल्या प्रतिकारपेशीही मारल्या जातात आणि जंतुसंसर्ग हा याचा खरा धोका आहे, सीआरएसपेक्षा जास्त दिवस पुरणारा. रात्री दोनला ट्रायलच्या कार्डावरचा नंबर फिरवला तर तिसऱ्या रिंगला माणसाने उचलला, आईचं नाव सांगताच त्याला सगळं माहीत होतं. या एका गोष्टीसाठी मी त्या टीमला पैकीच्या पैकी गुण देईन. ट्रायल निवडताना हा नंबर मागून घ्या आणि सही करण्याआधी एकदा अवेळी लावून बघा. आजारपण औषधामुळे आलं तर त्याचा खर्च कोण करणार, हेही संमतीपत्रात कुठल्या पानावर आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. आमच्या बाबतीत ते होतं आणि पाळलं गेलं. पुढे दर महिन्याला इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या तयार अँटीबॉडींचं, सलाईन सुरू झालं.

अकराव्या महिन्यात एम-प्रोटीन पुन्हा चढायला लागलं. लागोपाठ दोन तपासण्यांत वाढ दिसली की नियमाप्रमाणे रुग्ण बाहेर. डॉक्टरांनी आम्हाला खुर्चीत बसवून, घाई न करता सांगितलं. आईला आता वेगळं औषध चालू आहे.

माझी तक्रार यानंतरची आहे. ट्रायलमधून बाहेर पडल्यावर ते दार आतून बंद झाल्यासारखं वाटलं. ज्या कोऑर्डिनेटरशी आठवड्यातून दोनदा बोलत होतो तिच्याशी आता तीन महिन्यांतून एकदा, दोन मिनिटं. सगळ्या रुग्णांचं मिळून काय निघालं, पंधरा दिवसांचा गट बरा ठरला की आठवड्याचा, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. सहभागींना एकूण निष्कर्ष कळण्याचा पर्याय असावा, हे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यातच आहे. युरोपच्या नियमात तर ट्रायल संपल्यापासून वर्षाच्या आत सामान्य माणसाला कळेल असा सारांश द्यावा लागतो. मी दोन पत्रं पाठवली. पहिल्याला पोच मिळाली, दुसऱ्याला तीही नाही. आईच्या बोनमॅरोचा उरलेला भाग पुढच्या संशोधनासाठी ठेवू का, या प्रश्नापुढे तिने न विचार करता 'हो'वर खूण केली होती. एवढं देणाऱ्या माणसाला एक पानभर उत्तर मिळायला हवं.

तीन महिन्यांनी येणाऱ्या फोनमध्ये खरं तर त्यांना एवढंच नोंदवायचं असतं की रुग्ण हयात आहे की नाही. परवा तो फोन आला. कोऑर्डिनेटरने माझ्याजवळ चौकशी सुरू केली तशी आईने हात पुढे करून फोन घेतला.

"हजर," ती म्हणाली. आणि मग, "निकाल लागला का गं?"

"अजून नाही, काकू."