काचेवर वाफ धरली आणि ९,२०० रुपये गेले

लिहायची लाज वाटतेय. पंधरा वर्षं गाडी चालवतोय, मुंबई-पुणे डोळे मिटून करतो आणि एका बटणापायी ९,२०० रुपयांना गंडलो. पण थंडीत घाटात जाणारे बरेच जण आहेत, म्हणून लिहितो.

जानेवारी. महाबळेश्वरहून पहाटे साडेपाचला निघालो. गाडीत पाच माणसं, डिकीत ओले टॉवेल, आईच्या पायाशी स्ट्रॉबेरीचे दोन खोके. पांचगणीच्या आसपास पुढे एक धूर ओकणारा ट्रक लागला, म्हणून मी गोल बाणाचं बटण दाबलं, म्हणजे बाहेरची हवा बंद. थंडी होती, त्यामुळे एसीही बंदच. पसरणी घाट निम्मा उतरेपर्यंत समोरच्या काचेवर आतून अशी वाफ धरली की बायको एका हाताने फडकं फिरवतेय आणि मी त्या पुसलेल्या वीतभर जागेतून वळणं बघतोय.

घाट उतरल्यावर एक गॅरेज दिसलं. एवढ्या सकाळी उघडं. तिथेच शंका यायला हवी होती, पण तेव्हा मला तो देव वाटला.

पोरगा अगदी नम्र. "साहेब, हीटरचं कोर लीक झालंय. कूलंट आत येतंय, त्याचीच वाफ." (कोर म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, तेच त्यातून फिरतं.) वाकून आईच्या पायाखालच्या मॅटवर बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट ओलं. हिरवं पाणी.

आता नीट वाचा. माझ्या गाडीतलं कूलंट गुलाबी आहे. सहा महिन्यांपूर्वी मी स्वतः बॉनेट उघडून टाकीतली पातळी बघितली होती, चांगलं गुलाबी सरबतासारखं. त्याच्या बोटावर हिरवं. आई तर तोंडाने म्हणाली, "अरे, माझ्या पायाखाली कोरडं होतं की!" मी काय केलं? "आई, तू थांब जरा" म्हणालो. ते वाक्य रात्री झोपताना अजून आठवतं.

मला टपरीवर चहा प्यायला पाठवलं. चाळीस मिनिटांत गाडी तयार. हीटरचं कोर बदलायचं तर बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो, दिवस जातो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी त्याच्या हाताचं कौतुक करत होतो. हिशेब असा: हीटर कोर ४,८००, कूलंट ९००, सगळ्या काचांना 'अँटीफॉग नॅनो कोटिंग' २,५००, मजुरी १,५००. एकूण ९,७००. मी घासाघीस करून ५०० कमी केले आणि वर खूश झालो. जुना पार्ट मागितला नाही. तुम्ही मागा. काम संपल्यावर नाही, सुरू होण्याआधीच सांगा की जुना पार्ट घरी न्यायचाय.

काच मात्र खरंच स्वच्छ राहिली. कशी नाही राहणार? गोल बाणामुळे आमच्या श्वासांची आणि टॉवेलांची ओल आतच कोंडली होती. त्याने तो बंद केला होता, एसी चालू केला होता आणि हवा काचेवर सोडली होती. एसीच्या थंड कॉइलवर हवेतली ओल पाणी होऊन गाडीखाली ठिबकते, कोरडी हवा काचेवर येते. हीटर चालू ठेवूनही एसी लावता येतो, हे मला माहीत नव्हतं. पावसाळ्यात मी एसी लावतोच हो, पण कडाक्याच्या थंडीत कोण लावतं?

दोन आठवड्यांनी लोणावळ्याला जाताना पुन्हा तीच वाफ. वर त्या 'नॅनो'मुळे समोरून येणाऱ्या दिव्यांचे इंद्रधनुष्यी फराटे. ओल्या फडक्याने काच पुसली तर भांड्याच्या साबणाचा वास. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने सगळं तपासलं. कोर मूळचंच, स्क्रूला कोणी हात लावलेला नाही. ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर मात्र पाचोळ्याने बुजलेला. नवीन घातला, ३५०. कोर खरंच गळत असेल तर गोडसर वास येतो, काचेवर तेलकट थर बसतो, टाकीतली पातळी उतरते, मॅट भिजते. चारातलं एकही नव्हतं.

मग सुरू झाली वणवण. पोलीस चौकीत साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच राजीखुशीने दिलेत ना? हे दिवाणी प्रकरण." शिवाय हद्द त्यांची नाही. ज्यांची हद्द, त्यांना फोन लावला तर "प्रत्यक्ष या". रजा टाकून गेलो, १४० रुपये टोल, दीड हजाराचं पेट्रोल, तर तिथे अर्ज लिहून घेणारा माणूस जेवायला गेलेला. तो आला तीन वाजता आणि विचारतो काय, "एवढं शिकलेले तुम्ही, कळलं नाही?" पोचही दिली नाही. बँकेत गेलो तर, पिन तुम्हीच टाकलाय, यात फ्रॉड कसला? वाहतूक खात्याच्या खिडकीवर उत्तर मिळालं, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. मग कोणाच्या? यावर खिडकी बंद.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, १९१५ ही हेल्पलाइनही आहे, पण माझ्याकडे बिल म्हणून आहे कार्डाच्या पाठीवर पेनाने लिहिलेली बेरीज आणि यूपीआयची पावती, तीही कुठल्याशा किराणा दुकानाच्या नावाची. क्यूआर स्कॅन केल्यावर येणारं नाव वाचा. मी वाचलं होतं. वाचून पिन टाकला.

काचेवर आतून वाफ धरली तर आधी बाजूची काच थोडी खाली करा. ओले कपडे, भिजलेल्या छत्र्या गाडीत ठेवू नका. आणि गॅरेजमध्ये गाडीपासून हलू नका, चहा गेला खड्ड्यात.

बायकोने त्या गोल बाणाच्या बटणावर लाल टिकली चिकटवलीय. गाडी सुरू केली की आई मागून विचारते, "टिकलीखालचा दिवा विझलाय ना रे?"