हँडलवाला वेदर रेडिओ घेताना मी कसा गंडलो (199.89 डॉलर)

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं, कारण मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे आणि मला एका हँडल मारायच्या (म्हणजे हँडल फिरवून चार्ज होणाऱ्या, सरकारी हवामान प्रसारण ऐकायच्या) रेडिओने गंडवलंय. हसून घ्या. पण 1 जूनला हरिकेनचा सीझन सुरू होतो आणि त्याच्या महिनाभर आधीच या जाहिरातींचा पूर येतो, म्हणून लाज गुंडाळून ठेवून लिहितोय.

आम्ही ह्युस्टनला राहतो. 8 जुलै 2024 ला बेरिल हरिकेन आलं तेव्हा आमच्याकडे पाच दिवस लाईट नव्हती, फोनला धड रेंज नाही, बातम्या ऐकायला गाडीत जाऊन बसायचो आणि एक डोळा पेट्रोलच्या काट्यावर. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या सीझनच्या आत घरात एक रेडिओ आणायचा. मग नेहमीप्रमाणे विसरलो, आणि 11 मे 2025 ला रात्री साडेअकराला फोनवर ती जाहिरात आली.

कुटुंबाचं जुनं दुकान बंद होतंय, म्हातारे आजोबा डोळे पुसतायत, 89.99 चा रेडिओ 39.99 ला, खाली उलटं चालणारं घड्याळ. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. सोलर, हँडल, टॉर्च, दहा हजार एमएएच बॅटरी, वेदर बँड (हवामान प्रसारणाची चॅनल), आपल्या काउंटीपुरता (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) अलर्ट, सगळं एका खोक्यात. व्हिडिओत एक माणूस एक मिनिट हँडल फिरवतो आणि फोन दहा टक्क्यांवरून पन्नासवर जातो.

बायको शेजारून बघत होती. म्हणाली, "अरे, एका मिनिटात चाळीस टक्के? मग वीज कंपनीला पैसे कशाला देतो आपण?" मी म्हणलं, "मार्केटिंग गं, थोडं वाढवून सांगतातच."

थोडं! हाताने फिरवून चांगल्यातल्या चांगल्या छोट्या डायनॅमोमधून दोन-तीन वॅट निघतात. तीन धरा. एक मिनिट म्हणजे 0.05 वॉट-अवर. फोनची बॅटरी साधारण 15 वॉट-अवरची. म्हणजे एका मिनिटात अर्धा टक्काही नाही, चाळीस टक्क्यांसाठी दोन तास हँडल मारा. आणि दहा हजार एमएएच म्हणजे 37 वॉट-अवर, ती हाताने भरायला बारा तासांच्या वर. हे गणित मी कॉलेजात ज्युनियर पोरांना शिकवलंय, आणि त्या रात्री मी तीन रेडिओ कार्टमध्ये टाकले. एक घरी, एक मित्राला, एक रत्नागिरीला आईबाबांसाठी. (तो तिसरा तर डबल मूर्खपणा, अमेरिकेतलं हे वेदर ब्रॉडकास्ट भारतात नाहीच, तिथे त्या बँडवर नुसती खरखर. तिकडे न्यायचा असेल तर साधा चांगला एफएम आणि मीडियम वेव्हवाला न्या.)

तीन गुणिले 39.99 म्हणजे 119.97, वर 4.95 "शिपिंग प्रोटेक्शन", एकूण 124.92. कार्ड पहिल्यांदा डिक्लाईन झालं. लगेच बँकेचा मेसेज आला, हा व्यवहार तुम्हीच करताय का, हो असेल तर 1 दाबा, नाही तर 2. मी 1 दाबला. नुसता दाबला नाही, वैतागून दाबला, की काय ही बँक, दरवेळी अडवते, तिकडे घड्याळात चारच मिनिटं उरलीत. मशीनला वास आला होता, मला आला नाही. तो 1 मला अजून रात्री आठवतो. अंथरुणात पडल्या पडल्या बँकेच्या मेसेजला उत्तर देऊ नका, सकाळी द्या, सकाळपर्यंत कुठलाही रेडिओ संपत नाही.

माझी बाजूही ऐका, मी डोळे मिटून नव्हतो घेतलं, साईटवर दोनशेच्या वर रिव्ह्यू होते, टेक्सासचा पत्ता होता, कुलपाचं चित्र होतं. नंतर पत्ता मॅपवर टाकला तर कार वॉश.

पार्सल यायला 33 दिवस लागले. खोकं उचललं तेव्हा वजन बरोबर वाटलं म्हणून जरा बरं वाटलं. हँडल उघडलं, चार फेरे मारले, पाचव्या फेऱ्याला बिजागरीतून कटकट आवाज. मग बटण डब्ल्यूबीवर, म्हणजे वेदर बँडवर, सरकवलं. वेदर बँडची सातच चॅनल असतात, 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झ, आमच्याकडे 162.400 लागतं, यंत्राच्या आवाजात हवामान सांगत राहतं, ओळखायला सोपं. इथे गाद्यांच्या सेलचं जाहिरातीचं गाणं! एफएमवर सरकवलं, तेच गाणं. परत डब्ल्यूबी, तेच गाणं पुढे चालू. म्हणजे डब्ल्यूबी ही फक्त छापलेली अक्षरं होती. बुधवारी साधारण अकरा ते बाराच्या मध्ये साप्ताहिक टेस्ट अलर्ट असतो, तेव्हा ऑफिसची मीटिंग सोडून त्याच्यासमोर बसलो, सात पिढ्यांत बोलला नसेल असा गप्प.

स्क्रू काढून आत बघितलं तर अंगठ्याएवढा एक सेल, 1200 एमएएच, आणि शेजारी ग्लू गनने चिकटवलेली लोखंडाची पट्टी. वजनासाठी. त्या पट्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण कोणीतरी बसून विचार केलाय की हा माणूस हातात धरून वजन बघेल.

आता पुढची मजा. विक्रेत्याला मेल केला, तर स्वतःच्या खर्चाने चीनला परत पाठवा (46 डॉलर) किंवा ठेवून घ्या, आम्ही 15 टक्के देतो. नाही म्हणलं तर 20, मग 30. दर मेलला चार दिवस, दर मेलमध्ये "डिअर फ्रेंड". मला वाटलं मी घासाघीस जिंकतोय, आणि ते नुसता वेळ काढत होते. क्रेडिट कार्डवरच्या अशा चार्जला लेखी हरकत घ्यायला पहिलं स्टेटमेंट निघाल्यापासून 60 दिवस असतात. स्टेटमेंट 20 मेचं, मी बँकेला फोन केला 24 जुलैला. आणि तोही का केला, तर स्टेटमेंटवर 24.99 चा कसला तरी "व्हीआयपी क्लब" दिसला, मे, जून, जुलै, तीनदा. 74.97. चेकआउटला खाली बारीक अक्षरात टिक आधीच मारलेली होती म्हणे. मेलवर भांडत बसू नका, पहिल्याच दिवशी डिस्प्यूट टाका, आणि फोन पुरत नाही, पत्र पाठवा.

बँकेची बाई गोड बोलली. सर, माल पोचलाय. सर, तुम्ही स्वतः 1 दाबून कन्फर्म केलंय. म्हणलं, अहो माल म्हणजे लोखंडाची पट्टी पोचलीय! मग परत पाठवल्याचा ट्रॅकिंग नंबर द्या म्हणाली. पोलिसांकडे गेलो तर हे सिव्हिल मॅटर, एक रिपोर्ट नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि पुढचा माणूस बोलावला. केंद्र सरकारच्या साईटवर पाऊण तास फॉर्म भरला, शेवटी स्क्रीनवर आलं की आम्ही एकेका तक्रारीचा निकाल लावत नाही. मग कशाला आहात? राज्याच्या ग्राहक विभागाने विक्रेत्याला पत्र पाठवलं, कुठे, तर त्या कार वॉशच्या पत्त्यावर, आणि ते परत आलं म्हणून माझी फाईल बंद. मी आधीच लिहून दिलं होतं की तिथे कार वॉश आहे. आणि ज्या ॲपवर जाहिरात होती तिथे रिपोर्ट केलं तर चार तासांत उत्तर, आमच्या नियमांचा भंग झालेला नाही. एवढ्या पटकन फक्त त्यांनीच उत्तर दिलं. एकूण मिळालं काय, तर शेवटचे 24.99. नवीन कार्ड मागवलं तेव्हा कुठे तो क्लब सुटला.

आता ओळखीच्या दुकानातून दोन वेगळे घेतलेत. एक टेबलावरचा, प्लगवर आणि बॅटरी बॅकअपवर चालणारा, खोक्यावर पब्लिक अलर्टचा लोगो बघून, त्यात काउंटीचा सहा आकडी कोड टाकता येतो (हॅरिस काउंटी 048201), म्हणजे शेजारच्या काउंटीच्या वादळासाठी रात्री तीनला बोंबलत नाही. हँडलवाला वेगळा, लाईट गेल्यावरसाठी. हँडलवाल्यांपैकी बहुतेकांत हा काउंटी कोड नसतोच, जाहिरातीत दिसला तर तिथेच थांबा. साधे सेल पण चालतील असा बघा, आणि घरी आणल्या आणल्या सातही चॅनल लावून बघा, परत द्यायची मुदत संपायच्या आत.

एक राहिलं. दुसरा रेडिओ मी मोठ्या थाटात मित्राला वाढदिवसाला दिलाय आणि त्याला अजून काही बोललेलो नाही. बाबा रे, वाचत असशील तर तो रात्री चार्जिंगला लावून झोपू नकोस, आतला सेल बघितलाय मी. खरा घेऊन देतो, शनिवारी घरी आहेस का?