लेप्सिउसचे बारा खंड, घरबसल्या: हाले विद्यापीठाची मोफत आवृत्ती

१८४२ ते १८४५ या काळात जर्मन इजिप्त-अभ्यासक कार्ल रिखार्ड लेप्सिउस यांच्या प्रशियन मोहिमेने इजिप्तमधल्या गीझापासून पार सुदानातल्या मेरोए या प्राचीन शहरापर्यंतची स्मारकं रेखाटली. त्या रेखाटनांवरून छापलेल्या ८९४ चित्रफलकांचे बारा अवाढव्य खंड जर्मनीतल्या हाले विद्यापीठाने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. अभ्यासकांसाठी हा खजिनाच आहे.

शोधताना एक घोळ हमखास होतो. अभ्यासग्रंथांत एखाद्या फलकाचा संदर्भ देताना लिहिलेला रोमन आकडा खंडाचा नसून विभागाचा असतो. विभाग सहाच आहेत, त्यामुळे तिसऱ्या विभागातला, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या नवराज्यकाळातला फलक तिसऱ्या खंडात सापडत नाही. तो पाचव्या ते आठव्या खंडांत पाहावा. नूबियातल्या, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नाईल खोऱ्यातल्या, कुश राज्याच्या स्मारकांसाठी थेट दहावा खंड, म्हणजे पाचवा विभाग उघडा. त्यात ७५ फलक आहेत आणि मेरोएच्या पिरॅमिडांवरची शिल्पं बघत राहावीत अशी आहेत.

भरवसा मात्र बेतानेच ठेवावा. फलक प्रत्यक्ष भिंतीसमोर छापलेले नाहीत. जागेवरची रेखाटनं आणि ओला कागद दाबून घेतलेले ठसे यांवरून ते बर्लिनमध्ये नव्याने काढले गेले. त्यामुळे रेषा जरा जास्तच सफाईदार झाल्या. मेरोएची मेरोइटिक लिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती, म्हणून ते लेख उद्धृत करण्याआधी अक्षर न् अक्षर छायाचित्राशी ताडून घ्या. उलट आस्वानच्या धरणांमुळे बुडालेल्या किंवा हलवलेल्या देवळांची मूळ जागा समजून घ्यायला ही चित्रं अमोल आहेत.

सोबतचे पाच मजकूरखंड जर्मनमध्ये आहेत, तरी ते टाळू नका. कोणता फलक कुठल्या भिंतीवरचा, हे तिथेच कळतं.