बाणावर ५०० छापलेलं, आत ७०० निघाला

मुलीच्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यासाठी घेतलेल्या डझनभर कार्बन बाणांत आमची फसवणूक झाली. पैसे गेले याचं दुःख आहेच. त्याहून जास्त राग याचा येतो की त्या बाणांपायी पोरगी स्वतःलाच दोष देत राहिली. २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले, तेव्हापासून आपल्या रत्नागिरी-चिपळूणकडेही आईबाप मुलांना धनुष्य घेऊन देऊ लागलेत. सामान विकणारे मागोमाग आलेच. म्हणून सगळं लिहितोय.

धनुष्य ओढायला ४५ पौंडांचा जोर, बाण २९ इंचांचा, टोक १०० ग्रेनचं (ग्रेन हे टोकाच्या वजनाचं माप). यावरून प्रशिक्षकांनी ५०० स्पाइनचे बाण सांगितले होते. स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो त्याचं माप, आणि आकडा उलटा चालतो: आकडा मोठा, तर बाण लवचिक. आमचा विक्रेता मुळात शिकारीच्या धनुष्यांचं सामान विकणारा. बागायतदारांना ‘डुकरांवर चालतं’ असं सांगून तो पातीदार टोकं खपवतो. वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मात्र तो सांगत नाही.

बाण आले. त्यावर ५०० छापलेलं, टोकांच्या पुडीवर १०० ग्रेन. पण बाण सुटला की शेपूट हलवतच जायचा, आणि एकाच नेमाचे तीन बाण तीन दिशांना. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, मुलीचा रिलीज, म्हणजे दोरी सोडणं, चुकतंय, सराव वाढवा. नंतर म्हणाला, ‘तुमच्याकडची हवा खारी नि दमट, त्याने बाण वाकलेत.’ बांबूच्या किंवा लाकडी बाणाबद्दल हे एकवेळ मानलं असतं. कार्बनचा बाण दमट हवेने वाकत नाही. काचेवर लोळवून पाहिले, सगळे सरळ होते.

शेवटी त्याने उपाय सुचवला: जड टोकं घ्या, बाण सरळ जाईल. वर त्याचेही पैसे मागितले. हे ऐकून प्रशिक्षकांना शंका आली. टोक जड केलं की सुटताना बाण आणखी वाकतो. आधीच मऊ असलेल्या बाणाला जड टोक लावायला सांगणं म्हणजे दुखणं वाढवणं. शिवाय धनुष्याच्या जोराला न पेलणारा कार्बन बाण सुटताना मोडूही शकतो, आणि त्याच्या चिरफळ्या थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. माझ्या मुलीच्या हातात! तो माणूस हे न कळण्याइतका अडाणी नव्हता.

मग घरीच मोजलं. पद्धत अवघड नाही. दोन आधार २८ इंचांवर, म्हणजे ७१.१ सेंटिमीटरवर ठेवायचे, त्यावर टोक काढलेला बाण आडवा ठेवायचा आणि बरोब्बर मध्यावर ८८० ग्रॅम वजन टांगायचं. किराणा दुकानातली वजनं चालतात: ५००, २००, १००, ५०, २० आणि १०. ५०० स्पाइनचा बाण अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर खाली जायला हवा. आमचे १८ मिलिमीटरच्या आसपास गेले. म्हणजे ७०० स्पाइन. मग मुलीनेच नख लावून छापील पट्टी उचकटली, तर खाली कंपनीचा मूळ आकडा होता, ७००.

टोकं सोनाराच्या काट्यावर नेली. १०० ग्रेन म्हणजे ६.४८ ग्रॅम. भरली ८.१, म्हणजे १२५ ग्रेन. शिकारीच्या बाणाला लावतात तसली, बहुधा पडून राहिलेली. मऊ बाण आणि वर जड टोक, दोन्ही एकाच दिशेने बिघडवणारं.

पट्टीचा फोटो पाठवला तेव्हा उत्तर आलं, ‘७०० हा ५०० पेक्षा भक्कम, तुम्हाला त्याच पैशांत वरचा माल दिला.’ त्यानंतर फोन उचलणं बंद. बिलावर फक्त ‘क्रीडा साहित्य’ लिहिलेलं, त्यामुळे भांडायला आधार कमी. तरी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पट्टीचे आणि मोजमापाचे फोटो जपून ठेवलेत.

तुम्ही घेणार असाल तर बिलावर स्पाइन, बाणाची लांबी आणि टोकाचं वजन लिहून घ्या. विक्रेता लिहायला नाही म्हणाला, तर उठून या. एक बाण मोजल्याशिवाय बाकीचे मापाला कापू नका, कापलेला माल कुणी परत घेत नाही. आता मुलीकडे खरे ५०० स्पाइनचे बाण आहेत आणि रिलीज तोच आहे, जो म्हणे चुकत होता. तीन बाण आता जवळजवळ लागतात.

आणि कुणाकडे असे पट्टी चिकटवलेले बाण असतील, तर ते आधी मुलांच्या हातून काढून घ्या, मग मोजत बसा.