पगार रियालमध्ये घ्यावा की क्रोनमध्ये?

सौदीतलं दम्माम आणि नॉर्वेतलं स्टॅव्हँगर, दोन्हीकडून तेलक्षेत्रातल्या नोकरीची ऑफर हातात असेल तर पगाराच्या आकड्याआधी चलन बघा. दोन्ही देश तेल विकतात, पण तेल पडलं की घाव वेगवेगळ्या जागी बसतो.

सौदीचा रियाल 1986 पासून डॉलरला 3.75 या दराने बांधलेला आहे. नॉर्वेचा क्रोन बाजारावर सोडलेला, म्हणजे त्याचा दर मागणी-पुरवठ्यानुसार खालीवर होतो. जून 2014 मध्ये ब्रेंट तेल पिंपाला 115 डॉलरच्या घरात होतं, जानेवारी 2016 मध्ये ते 30 च्या खाली गेलं. त्या दीड वर्षात घरी पैसे पाठवणाऱ्यांचा हिशोब मांडून पाहा. 10,000 रियालचे आधी साधारण 1 लाख 60 हजार रुपये होत, नंतर 1 लाख 80 हजार झाले, कारण डॉलरपुढे रुपयाच घसरला होता. 40,000 क्रोनचे मात्र चार लाखांवरून तीनच्या आसपास आले. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता काही कमी झाला नाही.

मग रियालच बरा? इतक्यात ठरवू नका. दर जागचा हलू द्यायचा नाही, तर मध्यवर्ती बँकेला गंगाजळीतून डॉलर काढत राहावं लागतं. सौदीची 700 अब्ज डॉलरच्या वरची गंगाजळी 2017 पर्यंत 500 अब्जांच्या आसपास आली. सरकारी तिजोरी आटली, ठेकेदारांची बिलं अडकली. 2016 मध्ये हजारो भारतीय कामगार पगाराविना कॅम्पांत अडकून पडले, खायचे वांधे झाले, भारत सरकारला मंत्री पाठवावा लागला. रियालचा दर तसाच होता. पगारच येत नव्हता.

नॉर्वेत हा धक्का बराचसा क्रोनने झेलला. एका डॉलरचे जास्त क्रोन मिळू लागले आणि साल्मन मासा निर्यात करणाऱ्यांचं फावलं. तेलातल्या नोकऱ्या तिथेही गेल्या, पण बेकारभत्ता होता. तेल वधारलं की क्रोनही वधारेल, या भरवशावर मात्र राहू नका. 2022 मध्ये तेल महाग असूनही तो डॉलरपुढे घसरला.

इकडे कर्ज फेडायचंय आणि तीन-चार वर्षांत परत यायचंय, तर मी रियाल घेईन. पण कंपनी भक्कम हवी आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. मुलाबाळांसह तिकडेच राहायचं असेल तर क्रोन.

नायजेरियाची गत तिसरीच. जून 2016 पर्यंत नायराचा सरकारी दर डॉलरला 200 च्या आत, रस्त्यावर, म्हणजे काळ्या बाजारात, 300 च्या वर. लागोसची ऑफर आली तर पगार डॉलरमध्येच मागा आणि तसं करारात लिहून घ्या.