यूव्ही टनेल, आठ महिन्यांनंतर: नळी पेटलेली दिसते, एवढ्यावर जाऊ नका

हडपसरला आमचं चिकन सलामी आणि हॅमचं छोटं युनिट आहे. माल जातो कॅम्पातल्या सँडविचवाल्यांकडे. स्लायसर आणि व्हॅक्यूम पॅकिंगच्या मधे हा टनेल बसवला, कापांवरचे जंतू यूव्ही (अतिनील) किरणांनी मारायला. जाळीचा पट्टा, वर दोन नळ्या, खाली दोन. बाकीचं कॅटलॉगमध्ये आहेच.

सलामी आतपर्यंत ७२ अंशांना शिजते, तिथे काळजी नाही. काळजी नंतरची, स्लायसरच्या पात्याची. तिथून कापांना जंतू लागू शकतात, आणि लिस्टेरिया हा आजार पसरवणारा जंतू तर फ्रीजमध्येही वाढतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनीतून, म्हणजे अशाच खायला तयार मांसातून, तो पसरला आणि २०० हून जास्त माणसं गेली. ते वाचल्यापासून मला चैन नव्हतं.

पाच महिने मी खूश होते. लॅबमधले जंतूंचे काउंट खाली आले. सहाव्या महिन्यात गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, पाकिटात चिकट पाणी सुटलंय, तारखेला अजून सहा दिवस आहेत." चाळीस पाकिटं परत घेतली. काउंट जवळजवळ टनेलच्या आधीइतका!

सर्व्हिसचा माणूस आला, खिडकीतून निळा उजेड बघितला. "मॅडम, चारही नळ्या लागल्यात, मशीन ओके." व्हिजिटचे १,८०० रुपये. अहो, जंतू मारणारा २५४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसतच नाही, निळ्या उजेडावरून काय कळणार? मी भांडले तर म्हणाला, चारही नळ्या बदला. नळीचं आयुष्य आठ-नऊ हजार तासांचं, आमचे जेमतेम दीड हजार झालेले. मी नाही म्हटलं आणि त्याच रात्री एक स्टार द्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मशीन बंद करून कव्हर उघडलं. आमच्या मावशींनी खालच्या नळीच्या क्वार्ट्झच्या आवरणावर बोट फिरवलं. "ताई, तूप लागल्यासारखं झालंय." कापांची चरबी जाळीतून ठिबकून त्यावर पातळ थर बसला होता आणि किरण त्यातच अडत होते. भोसरीतल्या ओळखीच्यांकडून यूव्ही मीटर आणला. खालचं रीडिंग वरच्याच्या निम्म्याहून कमी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, जवळपास बरोबरीला आलं. तिथे माझं मत बदललं. मशीन वाईट नाही.

पण ते कव्हर! आठ ॲलन स्क्रू. रोज शिफ्ट संपल्यावर, दहा अंशांच्या खोलीत, हातमोजे घालून आठ काढायचे, आठ लावायचे. पाऊण तास जातो, म्हणून कोणी पुसत नाही. एकदा एक स्क्रू पट्ट्याखाली गडगडला, तो सापडेपर्यंत मी पॅकिंग थांबवलं. खाण्याच्या मालाच्या मशीनला सुटे स्क्रू देतातच कसे? आणि एवढे पैसे घेऊन आत साधा यूव्ही सेन्सरही नाही.

घेणाऱ्यांनी काप एकावर एक येऊ देऊ नका, सावलीत जंतू तसेच राहतात. पट्टा फार हळू चालवू नका, चरबीला खवट वास येतो. थंडीत नळी मंदावते, दहा मिनिटं आधी लावा. आणि स्लायसर धुणं एक दिवसही चुकवू नका, हा टनेल त्याच्या बदल्यात नाही.

शेवटी फॅब्रिकेटरकडून ६०० रुपयांत स्क्रूऐवजी टॉगल क्लॅम्प, म्हणजे हाताने उघडणाऱ्या खिट्ट्या, बसवून घेतले, दाराचा सेफ्टी स्विच तसाच ठेवला. कंपनी म्हणते वॉरंटी गेली. जाऊ दे. मावशी आता दहा मिनिटांत खालच्या दोन्ही नळ्या पुसतात आणि मीटरचा आकडा वहीत लिहितात. गेल्या तीनही लॅब रिपोर्टांत काउंट पुन्हा खाली आहे. तीन स्टार. कंपनीने क्लॅम्प स्वतः दिले तर चौथा त्याच दिवशी देईन.